ताबा पावतीवरची सही

मी दहावीत गेले त्या वर्षी आमचं गाव जागेवरच होतं, पण गावातली शाळा उठून गेली होती.

धरणाचं पाणी वैनगंगेतून मागे सरकत एक दिवस आमच्या शिवारात येणार, हे मी कळत्या वयापासून ऐकत होते. नवं गावठाण दूर एका माळावर आखलेलं. चुन्याच्या रेघा, विजेचे खांब आणि एक बोअर. त्या बोअरचं पाणी इतकं तांबडं, की त्यात शिजवलेला भातसुद्धा तांबडा व्हायचा. म्हणून गावाने बैठक घेऊन ठरवलं, प्यायचं पाणी आल्याशिवाय एकानेही तिथल्या प्लॉटचा ताबा घ्यायचा नाही, ताबा पावतीवर सही करायची नाही. ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेची शपथ घेतली. आमच्या मोहल्ल्याने विहारासमोर, बाकीच्यांनी मारोतीसमोर. आणि या सगळ्यांच्या पुढे बसवलं माझ्या बाबांना. आमच्या मोहल्ल्यातला माणूस साऱ्या गावाच्या पुढे बसलाय, असं त्याआधी कधी झालं नव्हतं. मोठ्या घरचे म्हातारेसुद्धा त्यांना ‘बोला भाऊ, तुमीच बोला’ म्हणायचे. बैठकीला जायच्या आधी बाबा आरशात बघून केस सारखे करायचे आणि आई तोंडाला पदर लावून हसायची.

मग वरच्यांनी शाळाच उचलून माळावर नेली. लेकरं गेली की मायबाप मागून येतीलच, असं त्यांनी डोकं चालवलं. गाव काही बावळट नव्हतं. गावाने लेकरंच पाठवली नाहीत. कोणी आत्याकडे गेलं, कोणी मावशीकडे, आणि मी अड्याळकडच्या एका गावात मामाकडे.

दाखला काढायला मी बाबांसोबत गेले होते. शाळेचे बाबू भले माणूस. टी.सी.वर ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो, तिथे येऊन त्यांचा पेन थांबला.

“काय लिवू भाऊ? पुनर्वसनामुळे, असं लिवून देतो.”

“कायचं पुनर्वसन?” बाबा म्हणाले. “माह्यं गाव उठलं का? आमी गाव सोडलं, असं कोणत्याच कागदावर आलं नाई पायजे. पालकाच्या विनंतीवरून, असं लिवा.”

“पाहा बाप्पा. कागद आहे, मंग बदलत नाई.”

“लिवा म्हनतो ना.”

बाबूंनी लिहिलं. मला त्या वेळी बाबांचा काय अभिमान वाटला! येताना रस्ताभर मी त्यांच्या पुढे पुढे चालत होते. मूर्ख पोट्टी. त्या एका ओळीने आपल्यावर काय आणून ठेवलंय, याचा तिला पत्ता नव्हता.

मी कबड्डी खेळायची. डावा कोपरा. कोपऱ्यातल्या खेळाडूचं काम एकच, समोरची चढाई करत आत शिरली की तिचा घोटा धरायचा आणि बाकीच्या धावून येईपर्यंत मेलं तरी सोडायचा नाही. तोंडावर लाथ बसते, ओठ फुटतो, माती खावी लागते. मला हे फार आवडायचं. दुसऱ्या कशात मी फार हुशार नव्हते. गणितात तर ढ होते. पण घोटा एकदा माझ्या हातात आला की तो गेला.

मामाच्या गावच्या शाळेतले खेळाचे सर तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी माझ्या दोन पकडी बघून म्हणाले, “आतापर्यंत कुठं लपून बसली होती वं? तुह्यासाठी दोन वर्षांपासून कोपरा रिकामा ठेवला मी.” मग त्यांनी मला पुढचं सांगितलं. आधी तालुका, मग जिल्हा, मग नागपूरला विभाग. विभागाच्या सामन्यांना खेळाच्या वसतिगृहाची माणसं पोरी निवडायला येतात. तिथे राहणं, जेवण, शिकवायला माणूस आणि पुढे नोकरीच्या भरतीत खेळाडूची जागा. माझं सतरा वर्षांखालच्या गटातलं हे शेवटचं वर्ष. यंदा नागपूरला कोणाच्या नजरेत भरले तर भरले, नाही तर दहावीनंतर माझं काय होणार ते मोहल्ल्यातल्या मोठ्या पोरींकडे बघून मला माहीत होतं. रोवणी, कापणी आणि दोन वर्षांत लग्न.

मी त्या वसतिगृहाचा ध्यासच घेतला. जेवताना तेच, झाडताना तेच. मामी म्हणायची, “हिच्या अंगात आलं होय.”

तालुक्याच्या सामन्यांना मैदानावर कागद तपासायचं टेबल होतं. समोरच्या शाळेच्या सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “ही पोरगी मागच्या वर्षी दुसऱ्या शाळेकडून खेळली. मी स्वतः पाहिली.” टेबलावरच्या साहेबांनी माझी टी.सी. काढली, रकाना वाचला आणि मान हलवली. त्या वर्षीचा नियम असा होता की पालकाने आपल्या मर्जीने शाळा बदलली तर खेळाडूला एक वर्ष नव्या शाळेकडून खेळता येणार नाही. खेळाडूंची पळवापळवी होऊ नये म्हणून. बापाची बदली झाली किंवा कुटुंब विस्थापित झालं, तर सूट.

“साहेब, विस्थापितच आहे ते,” सर म्हणाले. “धरणातलं गाव आहे हिचं.”

“मग इथे विनंतीवरून कशाला लिहिलं? जिल्ह्याच्या सामन्यांच्या आधी विस्थापित झाल्याचा दाखला आणा. आज ही बसून राहील.”

मी बसून राहिले. आमच्या पोरी कशाबशा तालुका जिंकल्या. माझ्या कोपऱ्यात आठवीतली एक पोरगी उभी केली होती, ती घोटा धरायची आणि घाबरून सोडून द्यायची. मला रडू येत होतं आणि तिला एक ठेवून द्यावीशीही वाटत होती.

दुसऱ्याच दिवशी मी घरी गेले. धान निसवायला आला होता, बाबा शेताच्या बांधीत पाणी बघत उभे होते. मी काठाच्या धुऱ्यावरूनच सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“तो दाखला कसा भेटते, मालूम आहे का तुले? ताबा पावतीवर सही केली तरच भेटते.”

“मंग करा ना सही.”

“बेटा, मी सही केली तं उद्या सारं गाव करते. मंग त्या माळावर पाणी कोण आनते?”

“एक कागद तं आहे, बाबा. कोनाले दिसते?”

“पुढच्या वर्षी खेळ ना तू.”

“पुढच्या वर्षी वय निघून जाते!” मी ओरडले. “तुमाले काहीच समजत नाई. तुमाले फक्त पुढं बसायले पायजे. लोक भाऊ भाऊ म्हनतात म्हनून.”

हे मी बोलले. माझ्या तोंडाने बोलले. बाबांनी मारलं नाही, रागावलेही नाहीत. वाकून त्यांनी बांधीचं तोंड मातीने बुजवलं आणि म्हणाले, “घरी जा. मायनं भाकर केली असन.” मी घरी न जाता तशीच मामाकडे परतले.

आणि मग मी ते केलं.

शाळा बुडवून मी एसटीने भंडाऱ्याला गेले. पुनर्वसनाचं काम जिथे चालायचं त्या कार्यालयात एका माणसाला बाबांचं नाव सांगितलं, तर त्याने चष्माच काढला. “म्हणजे ते... तेच का?” मी म्हटलं, हो, तेच. आजारी आहेत, म्हणून मी आले. त्याने मला खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदा मला सरकारी कार्यालयात कोणी खुर्ची दिली. ताबा पावतीचा कागद माझ्या हातात ठेवून तो म्हणाला, “घरी ने, बाबांची सही घे आणि आणून दे. दाखला लगेच देतो.”

बाबांची सही मी चौथीपासून करत आले होते. प्रगतिपत्रक आलं की बाबा चिखलात असायचे, हात वर करून म्हणायचे, “कर ना तूच, तुह्या हातानं चांगली येते.” ते खरंही होतं. बाबांचं अक्षर वाकडंतिकडं, माझं वळणदार. बसस्टँडच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन मी ती सही केली. शेवटचा फराटा चांगला आला म्हणून बरंही वाटलं.

तासाभरात मी कागद परत नेऊन दिला. आमचं गाव किती लांब आहे ते त्या माणसाला ठाऊक होतं. त्याने पावतीकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि शिक्का उचलला. संध्याकाळच्या आत दाखला माझ्या दप्तरात होता. मी मनाशी ठरवलं होतं, तो कागद पडून राहील कुठल्या तरी फायलीत, नागपूरहून आले की बाबांना सांगून टाकू, ते जाऊन रद्द करून घेतील. सरांना आणि मामाला सांगितलं, बाबांनी सही दिली. मामा इतका खूश झाला, की बाजारातून माझ्यासाठी गुडघ्याच्या पट्ट्या घेऊन आला.

जिल्ह्याचे सामने भंडाऱ्याला दोन दिवस होते. पहिल्या दिवशी आम्ही दोन्ही सामने जिंकलो. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, जो जिंकेल तो नागपूरला. संध्याकाळी आम्ही पिशव्या भरत होतो, तेवढ्यात अंतिम सामन्यातल्या दुसऱ्या शाळेच्या सरांनी लेखी हरकत दिली. ते म्हणाले, हिचा बाप ताबा घेऊ नका म्हणून गावाला घेऊन बसतो, पेपरात त्याचा फोटो येतो, त्याने ताबा घेतला कसा? दाखला खोटा आहे.

टेबलावरच्या साहेबांनी सरांना सांगितलं, “उद्या सकाळी वडिलांना घेऊन या. मी पावतीची प्रत मागवून ठेवतो. सही त्यांचीच असेल तर पोरगी खेळेल. नसेल तर तुमचा संघच बाद, आणि खोट्या सहीचं प्रकरण मला वर पाठवावं लागेल.”

सर हसले. “आणतो की. त्यात काय?” त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. मामा मोटारसायकल घेऊन बाबांना निरोप द्यायला निघाला, तेव्हा मी त्याला थांबवू शकले असते. अकरा पोरींच्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प बसले. खरं सांगायचं तर पोरींच्या नव्हे, मी माझ्याच तोंडाकडे बघत होते.

सकाळी बाबा आले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांच्यासोबत गावातले दोघे होते, कारण त्याच दिवशी तिघांना कलेक्टर ऑफिसात पाण्याचं निवेदन द्यायचं होतं. मामाने निरोप दिला होता, की पोरीच्या कागदावर काहीतरी विचारायचं आहे. बाबांना वाटलं, वयाचं काही असेल. मला बघून लांबूनच म्हणाले, “काय वं, जेवली का?”

साहेबांनी पावतीची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. “ही सही तुमचीच ना?”

बाबांनी कागद हातभर लांब धरला. चष्मा घरी राहिला होता. पण ती सही ओळखायला त्यांना चष्मा लागत नव्हता. चौथीपासूनच्या माझ्या सगळ्या प्रगतिपत्रकांवर तीच होती. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी खेळाच्या कपड्यांत, मामाने आणलेल्या पट्ट्या बांधून उभी होते.

“कायचा कागद होय, भाऊ?” सोबतच्यातला एक जण वाकला आणि त्याने मोठ्याने वाचलं. “ताबा पावती?”

“हाव,” बाबा म्हणाले. “माहीच सही आहे.”

“भाऊ!”

“माहीच आहे म्हनलं ना. पोरीच्या खेळासाठी केली मी.”

तो माणूस बाबांकडे बघतच राहिला. दुसऱ्याने बाबांच्या काखेतली निवेदनाची फाइल हळूच काढून घेतली. दोघे मैदानाच्या फाटकातून निघून गेले.

साहेबांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. “माझ्यासमोर एकदा करून दाखवा.”

हे मी कोणाला नीट सांगू शकलेले नाही. बाबांनी पेन घेतला, माझ्या सहीची प्रत डाव्या हाताने जवळ ओढून घेतली आणि तिच्याकडे बघत बघत, माझ्या अक्षराची नक्कल करत, स्वतःची सही केली. पहिलीतलं लेकरू पाटीवर गिरवतं तशी. प्रत्येक वळणाला थांबून. शेवटचा फराटासुद्धा मारला. कपाळावरचा घाम सदऱ्याच्या बाहीला पुसला. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी धरून बघितले, थोडा वेळ बाबांकडे बघितलं आणि म्हणाले, “ठीक आहे. खेळू द्या तिला.”

बाबा माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता कानाखाली वाजवतील. ते म्हणाले, “जा. पाय सांभाळ.” आणि सामना न बघता निघून गेले.

आणि मी खेळले. लाज वाटायला हवी होती, पाय उचलायला नको होते. पण मी आयुष्यात कधी खेळले नाही इतकी चांगली खेळले. पाच घोटे धरले, त्यातला एकही सुटला नाही. सामना संपला तेव्हा पोरींनी मला उचललं आणि मी हसत होते. दोन्ही डाव होईपर्यंत बाप मला एकदासुद्धा आठवला नाही. हे मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

नागपूरला आम्ही पहिलाच सामना हरलो. निवडणारी माणसं दुसऱ्या मैदानावर बसली होती. ती आमच्याकडे आलीच नाहीत.

गावात जे व्हायचं ते झालं. भाऊनेच ताबा घेतला म्हटल्यावर दिवाळीच्या आतच लोक एकेक करून सह्या द्यायला लागले. मला वाटलं होतं तशी ती पावती रद्दबिद्द होणार नव्हतीच. बाबांनी सर्वांदेखत आपली म्हटलेली सही, ती कोणत्या तोंडाने नाकारणार? गाव माळावर गेलं. पाणी गेलं नाही. दोन उन्हाळे टँकर आला, तोही आला तर आला. बाया पाण्याचे गुंड, हंडे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या आणि मी दिसले की एखादी मुद्दाम मोठ्याने म्हणायची, “भरा वं बायांनो, कबड्डीचं पाणी.” बाबांना बैठकीत आधी मागे बसवलं, मग बोलावणंच बंद झालं. आरशासमोर उभं राहायचं त्यांना कारण उरलं नाही. आईला सगळं कळलं होतं. ती मला बाबांच्या देखत काही बोलली नाही, बाबांच्या माघारीही नाही. बाबांनी तर तो विषय कधीच काढला नाही. एकदा तरी मारायचं होतं हो त्यांनी मला. मी किती वर्षं त्या एका चापटीची वाट बघितली.

दहावीनंतर मी शिकले थोडी, आता अंगणवाडीत आहे. कबड्डी तिथेच सुटली.

बाबा गेले तेव्हा जुन्या गावचे थोडेच लोक आले. त्यात त्या सकाळी फाइल घेऊन गेलेले काका होते, म्हातारे झालेले, काठी टेकत आलेले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तुहा बाप मानूस चांगला होता, बाई. पन त्या एका सहीनं त्यानं साऱ्या गावाले बुडवलं.”

मी तिथे म्हणू शकले असते, काका, ती सही माझी होती. समोर बाबा निजलेले होते, सगळे ऐकत होते. मी हात जोडले आणि म्हटलं, “हाव काका.”

आज हे सगळं लिहिलं. पण बघा, यात गावाचं नाव नाही, बाबांचं नाही आणि माझंही नाही. ती लिहायची हिंमत मला अजून होत नाही.